सड्यावरची सम

आधी तुला हसवते, मिल्या, मग बाकीचं बोलू. आपल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर प्राजक्ताची फुलं आली होती.

खोटं नाही सांगत. तू गेल्याच्या आठवड्यातच आपलं मिक्सिंग करणाऱ्या केदारने पुण्याहून चित्र पाठवलं. सारवलेलं अंगण, त्यावर शिंपडलेलं पाणी, कडेला रांगोळी आणि मधोमध पांढऱ्या-केशरी फुलांची पखरण. वर वळणदार अक्षरांत ‘सडा’, आणि खाली बारीक टायपात ‘मिलिंदला ओंजळभर फुलं’. मी हातखंबा तिठ्यावरच्या माझ्या मेडिकलमध्ये एका गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देत होते. फोनवर ते चित्र बघून मी एवढ्या जोरात हसले, की तो माणूस बाटली तिथेच ठेवून मागे सरकला. हसता हसता रडू फुटलं, आणि रडून झाल्यावर जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

मी केदारला फोन लावला. ‘केदार, सडा म्हणजे काय वाटलं तुला?’

‘म्हणजे काय? सडा-रांगोळी. प्राजक्ताचा सडा.’

‘आणि वर्षभर तू हेच धरून आपलं मिक्सिंग करतोयस?’

तो अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘मग दुसरा कुठला सडा असतो?’

दुसरा कुठला! ज्याच्यावर गुडघे फोडून घेत आपण मोठे झालो तो. गावाच्या डोक्यावरचं ते जांभ्या दगडाचं उघडं पठार, जिथे मे महिन्यात अनवाणी गेलं तर तळवे भाजून निघतात आणि झाड लावायचं तर आधी सुरुंगाने खड्डा काढावा लागतो. आपल्याकडे कुणी ‘सड्यावर गेलो होतो’ म्हटलं, तर तो फुलं वेचायला गेला होता असं शेंबडं पोरही समजत नाही. घाटावर त्याच शब्दाला पाणी आणि फुलं लागतात हे मला ठाऊक होतं, तुलाही होतं. पण सहा गाण्यांचा एवढा खडखडाट ऐकून कुणी त्याला अंगण समजेल, हे आपल्या दोघांच्याही टाळक्यात आलं नाही.

आता कळलं का तुला, केदार सारखा ‘अजून थोडा ओलावा देऊ या’ का म्हणायचा? आवाजाला घुमारा देण्याला तो ओलावा म्हणतो. तू प्रत्येक वेळी तो काढून टाकायचास आणि तो प्रत्येक वेळी गुपचूप परत घालायचा. फोन ठेवून तू म्हणायचास, ‘हा माणूस आपल्यावर बादलीने पाणी का ओततोय?’ अरे, तो बिचारा अंगण शिंपत होता! वर्षभराच्या भांडणाचं मूळ हे, आणि ते उघडकीला आलं तेव्हा तू ऐकायला नव्हतास. मला सगळ्यात जास्त हे लागलंय. हे ऐकून तू जमिनीवर लोळला असतास.

पण तुला फुलं वाहण्यात केदार एकटा नाही. सगळा गाव त्यालाच लागला आहे. तू सकाळी उठलाच नाहीस, झोपेतच गेलास, एवढ्या एका गोष्टीवरून लोकांनी तुला शांत ठरवून टाकलं. ‘शांत मुलगा हो, शांतपणेच गेला.’ कचेरीतले तुझे साहेब म्हणाले, कधी कुणाला उलटून बोलला नाही. तू! जावक क्रमांक टाकता टाकता ज्याने त्याच साहेबांच्या परिपत्रकातल्या चुका लाल शाईने दाखवल्या होत्या, तो तू. तुमच्या आळीतली एक बाई पदर तोंडाला लावून मला विचारते, ‘काय गो, एवढा आवाज करून हृदय टिकतं होय?’ मी म्हटलं, काकी, आवाज केला म्हणून इतकी वर्षं टिकलं.

अडतिसाव्या वर्षी माणूस जातो आणि लोक त्याला लगेच धुऊनपुसून, घडी घालून कपाटात ठेवायला निघतात. मी तुझी घडी घालू देणार नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

तू शांत नव्हतास. तू पहिलीपासून बाक बडवणारा होतास. तुझे वडील आपल्या शाळेचे गुरुजी, आणि स्वतःचा मुलगा म्हणून तुला पट्टी जरा जास्तच बसायची. अभ्यासक्रमातून केव्हाच हद्दपार झालेली औटकी ते आपल्याला हट्टाने म्हणायला लावायचे. औट म्हणजे साडेतीन. एक औट साडेतीन, दोन औट सात, तीन औट साडेदहा. बाकीची पोरं पोपटासारखी म्हणायची आणि विसरायची. तू मात्र एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणालास, ‘मेधा, साडेतीनला पाय पडतो ना, तेव्हा दुसरा पाय हवेतच असतो बघ.’ आणि डाव्या हाताने बाकावर औटकी धरून उजव्याने साधा बे चोक आठ वाजवायला लागलास. मी तुझ्यावर कुरघोडी करायला माझ्या बाकावर चार-चारचा ठेका धरला. आपला बँड त्या दिवशी सुरू झाला, असं तू पुढे सगळ्यांना सांगायचास. पट्टी आपण दोघांनी खाल्ली, हे मात्र सांगायचा नाहीस.

लेझीम पथकात ताशा वाजवायला मुलगा मिळेना, तेव्हा गुरुजींनीच तो माझ्या गळ्यात अडकवला. माझी आई शाळेत भांडायला आली होती. गुरुजी तिला म्हणाले, ‘वहिनी, हिच्या हातात ताल आहे. हात काय मुलाचा, मुलीचा बघून ताल येतो?’ त्या ताशाच्या जागी पुढे ड्रम आले, तरी तू मरेपर्यंत मला ‘ताशा’ म्हणूनच हाक मारलीस. आता त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही.

मग ती आंब्याची पॅकिंग शेड. माझ्या काकांची, हंगाम सोडला तर रिकामी. पेंढ्याचा वास, भिंतीला रचलेल्या लाकडी पेट्या आणि मधे आपण. आपण काय वाजवतो हे कुणी विचारलं की तू छाती काढून सांगायचास, प्रोग्रेसिव्ह मेटल, त्यात जॅझ, आणि ह्या दोन्हींत जे मावत नाही ते सगळं. विचारणारा ‘अच्छा’ म्हणून निघून जायचा. मी सोपं करून सांगायचे: वाकडी मापं, घशातून खरवडून काढलेला आवाज, आणि मधेच सगळं थांबतं नि सनई एकटीच वाट चुकल्यासारखी फिरत राहते. त्यावरही लोक ‘अच्छा’च म्हणायचे.

सनई आणलीस ती तूच. शिमग्यात पालखीपुढे ढोल-ताशा-सनईचा खालुबाजा वाजतो, त्यातले नाटे गावचे दत्तूकाका तू कुठून तरी पकडून आणलेस. पहिल्या दिवशी ते अर्धा तास पेटीवर बसून नुसते ऐकत होते. मग म्हणाले, ‘पोरांनो, हा ताल न्हाय. ही होडी हाय, नि तुमी वल्हं एकाच अंगानं मारताय.’

तू म्हणालास, ‘मग गोल गोल फिरेल ना, काका. फिरू दे.’

‘फिरू दे तर फिरू दे,’ म्हणत त्यांनी सनई तोंडाला लावली, आणि असा एक सूर काढला की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. दोन सुरांच्या मधल्या फटीत बसणारा तो सूर होता. तू गिटार खाली ठेवून त्यांच्या पाया पडायला निघालास, तर ते म्हणतात, ‘पाया नको पडू, च्या सांग.’

आपण किती ठिकाणांहून हाकलले गेलो याची मला लाज वाटत नाही. एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आपण दुसऱ्या गाण्याला पोचलो नाही तोच कुणीतरी वीज घालवली. एका लग्नात नवरीच्या मामाने ‘पोरांनो, एखादं ओळखीचं वाजवा’ म्हणून हात जोडले, आणि तू त्याला ओळखीचंच गाणं सात मात्रांत बसवून दिलंस, तर नाचणारी सगळी वरात एकमेकांच्या पायांवर पडली. मामा जेवायला थांबू नका म्हणाला. परत येताना टेम्पोत तू उपाशी पोटी इतका खूश होतास, की मला तुझा हेवा वाटला. लोकांना आवडावं असं मला आतून वाटायचं, मिल्या. तुला ते कधीच वाटलं नाही. या बाबतीत मी तुझी आभारी आहे, आणि तुझ्यावर चिडलेलीही आहे.

पण एका माणसाने ऐकावं असं तुलाही वाटायचं. तू बोलायचा नाहीस, तरी मला दिसायचं. सरावाला निघण्याआधी तू ओटीवर, घराचं दार मुद्दाम उघडं टाकून गिटार वाजवत बसायचास, आणि आत गुरुजी रेडिओ मोठा करायचे.

तुझ्याबद्दल त्यांचं जे दुखणं होतं, ते आवाजाचं नव्हतंच. तुझ्या पणजोबांना शिमग्यात पालखीपुढे ढोल वाजवावा लागायचा, तोही पालखीपासून ठरलेलं अंतर राखून. छप्पन साली धम्म घेतला आणि त्यांनी ढोल खांद्यावरून उतरवला, तो परत लावला नाही. पुढे घरात वाद्य आलं ते गायन पार्टीची ढोलकी, आपल्या माणसांत, आपल्या गाण्यांसाठी. गुरुजी ती उत्तम वाजवायचे. अशा घरात तू खालुबाजाची सनई घेऊन आलास.

त्या दिवशी मी तुमच्या ओटीवर होते, चहा हातात घेऊन, आणि कुठे बघावं ते मला कळत नव्हतं. गुरुजी एवढंच म्हणाले, ‘माझ्या आजोबांनी ते वाजवणं टाकलं, तेव्हा आमचे हात मोकळे झाले. तू ते परत घरात आणलंस.’

तू म्हणालास, ‘बाबा, हात मोकळे झाले म्हणूनच आता मला हवं ते वाजवतो. कुणी सांगितलं म्हणून नाही, कुणापुढे नाही.’

‘ज्यात ती सनई आहे ते मी ऐकणार नाही,’ गुरुजी म्हणाले, आणि उठून पंप लावायला गेले. आई गेल्यापासून त्या घरात तुम्ही दोघंच. दोघंही भात कालवून एकाच टेबलाशी जेवायचात, आणि अल्बमचं नाव कुणीही काढायचं नाही. वर्षभर असंच चाललं. तुमच्यातलं कोण बरोबर हे मला तेव्हा ठरवता आलं नाही, आजही येत नाही. दोघांचंही म्हणणं मला पटायचं, आणि दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटायचं.

रेकॉर्डिंग सड्यावर करायचं हे खूळही तुझंच. बंद पडलेली चिऱ्याची खाण, चारी बाजूंनी करवतीने कापल्यासारख्या सरळ भिंती, वर नुसतं आभाळ. म्हणालास, जांभा छिद्राछिद्रांचा असतो, तो आवाज पिऊन टाकतो, तिथे खोटं काही टिकणार नाही. दत्तूकाकांनी टॉवेल डोक्याला गुंडाळला. केदार पुण्याहून आपली यंत्रं घेऊन आला होता, तो दुपारपर्यंत उन्हाने लालेलाल झाला. आता विचार कर, तो त्या तापलेल्या कातळावर उभा होता, पायाखाली सडाच होता, आणि हा मनात फुलं घेऊन! त्याला आपण ‘खाणीत जाऊ’ म्हणालो, ‘कातळावर जाऊ’ म्हणालो, पण ‘सड्यावर जाऊ’ असं एकदाही म्हणालो नाही. चूक आपलीही आहे थोडी.

आणि तिथेच ते भांडण झालं, जे तू अर्धवट टाकून गेलास.

शेवटचं गाणं ‘औटकी’. तुझी गिटार साडेतीन-साडेतीनने चालते, माझे ड्रम चार-चारने. दोघं सुटतात ते सुटतातच, ऐकणाऱ्याला वाटतं ही दोन माणसं आता जन्मात भेटत नाहीत. पण आठ औट अठ्ठावीस आणि सात चोक अठ्ठावीस. अठ्ठावीस मात्रा झाल्या की पुढच्या ठोक्यावर दोघांचे पाय एकदम जमिनीला लागतात. तीच सम. गाण्यात ती पुन्हा पुन्हा येते, प्रत्येक वेळी वेगळ्या गर्दीत लपलेली. आणि अगदी शेवटी, जिथे ती उघड्यावर, खणखणीत यायला हवी, तिथे तू अठ्ठाविसाव्या मात्रेवर सगळं तोडलंस. पुढचा ठोका नाहीच.

मी तो वाजवला. तू हात वर करून थांबवलंस. परत वाजवलं, मी परत ठोका मारला.

‘ताशा, तिथे काही नाहीये.’

‘तिथे सम आहे.’

‘आहे. पण वाजवायची नाही.’

मी काठ्या खाली ठेवल्या. ‘मिल्या, माणसाला इतका वेळ उन्हातान्हात फिरवलंस. आता घरात तरी घेशील की नाही?’

‘सगळ्यांना घेतात घरात?’ तू विचारलंस. आधी थट्टेत विचारलंस, मग चेहरा बदलला. ‘सम म्हणजे काय गो? सारखं. बरोबर. कुठे झालंय सारखं? जी अजून आलेली नाही, ती मी खोटी वाजवणार नाही.’

‘भाषण नको देऊ. ताल आहे हा, ग्रामसभा नाही.’

‘तालातच खोटं बोलायचं मग?’

तेव्हा मी जे म्हणाले ते मला आजही मान्य आहे. मी म्हणाले, ‘आलेली नाही म्हणूनच वाजवायची. वाजवल्याशिवाय ती येते का कधी?’

तू गिटारच्या तारा लावत बसलास. दत्तूकाका मधे पडले, ‘दोन्ही घ्या की रे, मीठ जास्त झालं का कमी ते मागनं बघू.’ म्हणून केदारने दोन्ही घेतलं, ठोक्यासकट आणि ठोक्याविना.

ते मागनं बघणं पुढे वर्षभर चाललं. शेवटचा तू दुकानात आलास तेही भांडायलाच. हायवेची धूळ अंगावर, हेल्मेट काउंटरवर, आणि हातात समोरच्या टपरीचा चहा. गिऱ्हाइकांच्या डोक्यावरून आपण सम असावी की नसावी यावर बोलत होतो, आणि एक म्हातारे गृहस्थ आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या मोजता मोजता दोघांकडे आळीपाळीने बघत होते. निघताना स्कूटर सुरू करून तू ओरडलास, ‘तू मारत राहा, मी कापत राहतो.’ आणि हसत वळलास. बस, एवढंच. तुझ्या तोंडून मला मिळालेलं शेवटचं वाक्य हे, आणि ते मला आवडतं. त्यात एकही फूल नाही.

तू गेल्यावर केदारने विचारलं, शेवट कुठला ठेवू? तोच म्हणाला, ‘ठोका असू दे, मेधा. त्याला शांती मिळाल्यासारखं वाटेल.’ ज्याला-ज्याला विचारलं तो हेच म्हणाला. कुणी म्हणालं, त्याची इच्छा होती तसंच ठेव, गेलेल्या माणसाशी काय वाद. म्हणजे एका बाजूला तुझ्यावर शांती थापणारे, आणि दुसऱ्या बाजूला तू मेलास म्हणून तुला बरोबर ठरवणारे. मला दोघांचाही सारखाच संताप आला. तू मेलास म्हणून तुझं म्हणणं बरोबर ठरत नाही, मिल्या. मरण हा मुद्दा नाही. आणि तू उत्तर देऊ शकत नाहीस अशा वेळी माझा ठोका हळूच आत सरकवून द्यायचा, हेही मला जमेना. भांडायला समोर माणूस लागतो. तू समोर नाहीस याचा राग मी रोज दुकान उघडताना शटरवर काढते, ते आता नीट लागतही नाही.

मग तुझा जलदानविधी आणि शोकसभा आली. विहारात सतरंज्या अंथरल्या होत्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं दारापर्यंत बसली होती. वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झालं. मग भाषणं. शांत, मनमिळाऊ, सालस. मी ओठ चावत बसले होते. दत्तूकाका दाराबाहेर चपलांपाशी उभे होते, आत या म्हटलं तर ‘हितं बरा हाय’ म्हणाले. गावशाखेचे अध्यक्ष माझ्याजवळ येऊन हलकेच म्हणाले, ‘तुम्ही दोघं वाजवायचात ना? त्याचं एखादं शांत गाणं असेल तर लावा, दोन मिनिटं.’

शांत गाणं! मी उभी राहिले. त्याचं शांत गाणं नाही, असं मी सगळ्यांसमोर सांगणार होते, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात गुरुजी बोलले. पुढच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेले, दिवसभर कुणाशी न बोललेले गुरुजी.

‘पोराचं शेवटचं लाव, मेधा.’

मी म्हटलं, ‘गुरुजी, त्यात सनई आहे.’

‘ठाऊक आहे मला. लाव.’

सभा तुझी, बोलणंही तुझंच हवं, म्हणून मी तुझं लावलं. ठोक्याविना. विहाराच्या कर्ण्यातून तुझा तो खरवडलेला आवाज आला आणि सतरंजीवर एक लाट गेल्यासारखी माणसं हलली. दोन बायकांनी कानावर हात ठेवले, कुणाचं तरी मूल खिदळलं. अध्यक्षांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच मधमाश्यांचं पोळं फोडलं. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. हाच तो तुमचा सालस मुलगा, असं मनात म्हणत मी आवाज आणखी वाढवला. त्या क्षणी मी तुझ्यावर इतकं प्रेम केलं, मिल्या, तेवढं तू जिवंत असताना एकदाही केलं नसेल.

मग सगळं थांबलं आणि सनई आली. मी गुरुजींकडे बघत होते. आता उठतील, पंप लावायला जातील. ते उठले नाहीत. डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. वंदना म्हणत असतील असं मला वाटलं. जरा पुढे वाकून पाहिलं, तर ते मोजत होते. एक औट, दोन औट, तीन औट. त्यांनीच शिकवलेली, शाळेने टाकून दिलेली औटकी. त्या कल्लोळात ती त्यांना पहिल्यांदाच ऐकताना सापडली होती. किंवा पहिल्यांदा नसेलही. दाराआड बसून रेडिओ मोठा करणारा माणूस काय-काय ऐकत होता, ते आता कोण सांगणार?

शेवट जवळ आला. तुझी गिटार तिच्या वाटेने, माझे ड्रम त्यांच्या वाटेने. सहा औट. सात औट. आठ औट अठ्ठावीस, आणि सगळं तुटलं.

त्या रिकाम्या जागेवर गुरुजींचा तळहात सतरंजीवर पडला. ठप्प.

बरोबर समेवर, मिल्या. एका केसाचाही फरक नाही. सभेत दुसऱ्या कुणालाही ती जागा सापडली नसती. त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते स्वतःच्या हाताकडे बघत होते. दाराशी दत्तूकाका चपलांमध्ये खाली बसले आणि टॉवेलात तोंड घालून रडायला लागले. गुरुजी उठले, वाट काढत दाराशी गेले आणि त्यांच्या खांद्याला धरून त्यांना आत घेऊन आले, आपल्या शेजारी बसवलं.

सभा पांगल्यावर मी गुरुजींना सगळं सांगितलं, खाणीतलं भांडण, दोन शेवट, केदारचा प्रश्न. सांगून म्हटलं, ‘तुम्ही जो ठोका मारलात, तोच मला हवा होता. घालू का तो?’

त्यांनी समोरच्या सड्याकडे पाहिलं. मग शाळेत चुकलेलं गणित समजावतात तशा आवाजात म्हणाले, ‘नको. ती जागा भरू नको. मोकळी असली तरच कुणाचा तरी हात जातो.’

तर केदारला मी कळवलंय. मुखपृष्ठावर उन्हातला नुसता काळवंडलेला कातळ, वर नाव, बाकी काही नाही. फुलं नकोत, ओलावा नको, आणि शेवटचा ठोका नको. तो म्हणाला, लोकांना अर्धवट वाटेल. मी म्हटलं, वाटू दे, अर्धवटच आहे ते.

म्हणजे तू जिंकलास असं समजू नकोस. ठोका नाही, हे तुझं राहिलं. पण तो वाजलाच, भर सभेत वाजला, हे माझं. तू कापलास आणि तुझ्याच बापाने मारला. तुझं-माझं भांडण बरोबरीत सुटलं, मिल्या. आणि बरोबरीला आपल्यात काय म्हणतात, ते तुला मी सांगायला नको.